हिरवी पट्टी

१ सप्टेंबर, रविवार

नांदेडचं दोन दिवसांचं ट्रेनिंग संपवून काल परत आले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, रोज दोन ओळी लिहीत जा, डोकं हलकं राहतं. नवऱ्याला सांगावं तर तो लगेच उपाय सांगतो, मैत्रिणीला सांगावं तर ती स्वतःचंच सांगत बसते. त्यापेक्षा वही बरी, मधे बोलत नाही.

उद्यापासून आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात, कॅज्युअल्टीला, नवी पद्धत. आजवर डोक्याचा पेशंट आला की "तिकडं बाकड्यावर बसा" म्हणायचं आणि अपघात, साप, ताप यांच्या मागे धावायचं. बाकड्यावरचा माणूस संध्याकाळपर्यंत कुठे गेला याचा कुणाला पत्ता नसायचा. आता दारातच मी चार प्रश्न विचारायचे आणि मनगटाला पट्टी बांधायची. लाल म्हणजे लगेच भरती. पिवळी म्हणजे मानसोपचाराचे डॉक्टर येईपर्यंत आमच्या नजरेसमोर. हिरवी म्हणजे घरी जा, डॉक्टरांच्या दिवशी या. डॉक्टर नांदेडहून येतात, बुधवारी आणि शनिवारी.

चौथा प्रश्न सगळ्यांत अवघड. जीव द्यावासा वाटतो का? तो पेशंटला एकट्याला, पडद्याआड विचारायचा, हे मॅडमनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मी मान डोलावली. इतकी वर्षं लातूरच्या कॅज्युअल्टीत काढली, मला माणसं कळतात.

अमरनाथ दुपारच्या बसने नांदेडला गेला. तोंडावर 'अहो', वहीत अमरनाथ. तो तिकडे पाटबंधारेच्या ऑफिसात आहे, शनिवारी येतो. बाकी दिवस घरात मी आणि आत्याबाई. सासूला आत्याबाई म्हणायची आमच्याकडची रीत. सासरे गेले तेव्हा त्या किल्लारीला एकट्या पडल्या, म्हणून जूनमध्ये त्यांना इथे फ्लॅटवर आणलं. भूकंपात त्यांची सात वर्षांची लेक गेली, अमरनाथची थोरली बहीण. तेव्हापासून त्या छताखाली झोपत नाहीत. गावाकडे अंगणात बाज होती. इथे तिसऱ्या मजल्यावर अंगण कुठून आणू? डोकं बाल्कनीत आणि पाय खोलीत असं झोपतात. होईल हळूहळू सवय.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा, आज कर. करीला माणसं पितात आणि बैल बिथरतात, दरवर्षीचंच आहे. सकाळपासून शिंग लागलेले आणि गाडीवरून पडलेले. पडद्यामागचा कोपरा डॉक्टरांनी टाके घालायला घेतला होता.

अशा गर्दीत देवणीकडचे एक म्हातारे सुनेला घेऊन आले. त्यांचं नाव मलप्पा. धोतर, टोपी, बोलायला सरळ माणूस. सून दीपाली, विशीतली, दोन महिन्यांची बाळंतीण. बाळ घरी आजीपाशी ठेवलेलं, नवरा पुण्याला कंपनीत.

"काय होतंय हिला?" मी विचारलं.

"बोलंना गेली बघा बाई. खाईना, झोपंना. लेकराला जवळ घेईना. बाहेरचं असंल म्हणून अंगारा लावला, कायी फरक न्हाई."

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांनीच दिली. चौथा मात्र मी दीपालीकडे वळून विचारला. ती बाकड्याच्या टोकाला बसलेली, पदर नाकापर्यंत, पदराचं टोक दातात, नजर सासऱ्याच्या पायांवर. तिने मान हलवली. नाही.

"न्हाई न्हाई, तसलं कायी न्हाई," मलप्पा म्हणाले. "चांगल्या घरची लेक हाय ती."

मी 'नाही' लिहिलं आणि हिरवी पट्टी बांधली. हातात हिरवा चुडा होता, त्यात पट्टी दिसेनाशी झाली. बांधून झालं तरी तिने माझं बोट सोडलं नव्हतं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. मी हसत सोडवून घेतलं आणि म्हटलं, "उद्या डॉक्टर येतात. उद्या ये, बरं वाटेल."

आमचे कॅज्युअल्टीचे डॉ. निजामोद्दीन संध्याकाळी चिडवत होते, "सिस्टर, नांदेडचं पाणी मानवलेलं दिसतं. सगळे पेशंट हिरवेगार!"

५ सप्टेंबर, गुरुवार

दीपाली काल आली नाही. घरात तान्हं बाळ, दोन बस बदलून यायचं, जमलं नसेल. शनिवारी येईल.

खरं म्हणजे मला काल दिवसभर दाराकडे बघायचा चाळा लागला होता. मी काय वेगळ्या मातीतली आहे का? लग्नानंतर चार वर्षं सासऱ्यांसमोर माझा आवाज फुटला नव्हता. त्यांनी काही विचारलं तर मी भिंतीकडे बघून मान हलवायचे, आणि कुठल्याही प्रश्नाला एकच मान. हे सगळं ठाऊक असून त्या पोरीला मी सासऱ्याच्या देखत विचारलं की मरावंसं वाटतं का. ती काय सांगणार होती? पण पडदा रिकामा नव्हता. आणि तिने मान हलवली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

घरी आले तर आत्याबाईंनी कपाट आवरून काढलं होतं. चांगली इरकली लुगडी शेजारणीला देऊन टाकली. मी म्हटलं, "अहो, एवढी चांगली?" तर म्हणाल्या, "नेसणार कोण? पडून राहण्यापरीस बरं." इथे रुळायला लागल्या, बरं वाटलं.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. काल शनिवारही होता. दीपाली आली नाही. तिच्या कागदावरचा फोन लावला, बंद आहे.

कणीक मळताना उजव्या बोटाला कुणीतरी धरल्यासारखं झालं. दुखणं नाही, मुंग्याही नाहीत, नुसतं धरलेलं. हात धुतला तरी गेलं नाही. कॅज्युअल्टीच्या बाकड्यावर हिरवा चुडा दिसला की मी उठून बघून येते. माझ्या हाताखाली नवीन आलेली अर्शी आहे, तिने विचारलंच, "सिस्टर, कुणाला हुडकून राहिल्या?" मी म्हटलं, कुणाला नाही.

आत्याबाईंना झोप नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली झोपेची गोळी मी रोज एक देते, तरी डोळे उघडेच. आज म्हणाल्या, "रोज काय हात पसरायचा तुझ्यापुढं? पाकीटच ठिव माझ्यापाशी." मला लाज वाटली. स्वतःच्या घरात माणसाला गोळी मागायला लागू नये. देऊन टाकलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज सुट्टी टाकून देवणीकडे गेले. आत्याबाईंना सांगितलं, एक पेशंट बघून येते. देवणीपर्यंत एसटी, पुढे जीप.

घर सापडलं. मलप्पा दारात देवणी गाईला धूत होते. मला बघून त्यांच्या हातातून बादली निसटली. मग कानडीत म्हणाले, "बर्री, बाई, कुंद्री." या, बसा. बाजेवर बसवलं, चहा दिला. मी विचारलं, "दीपाली कशी आहे?"

"माहेरी गेलीय. बिदरकडं. बरी हाय."

ओट्यावर त्यांची बायको बाळाला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होती. छान बाळ आहे, डोळे टपोरे. मी घ्यायला हात पुढे केला तर तिने त्याला पदराखाली घेतलं. नजर लागेल म्हणून असेल. चहा पिताना मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गणपती कुठे बसवलाय?" मलप्पा म्हणाले, "यंदा न्हाई बसविला." काहींच्या घरी एखाद्या वर्षी नसतो. परत येताना त्यांच्या शेतावरून जीप गेली. विहिरीच्या तोंडावर बाभळीचे काटे टाकलेले होते, ताजे, हिरवे. जनावर पडू नये म्हणून टाकतात.

माहेरी गेली हे उत्तम झालं. आईपाशी पोरगी बोलेल तरी. उगाच इतके दिवस जिवाला घोर लावून घेतला. बसमध्ये झकास झोप लागली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी आत्याबाई गवार मोडत बसल्या होत्या. मी त्यांना कालचं सगळं सांगितलं. पहिल्यापासून, पट्टी, बोट, चहा, सगळं. त्या ऐकत होत्या. शेवटी मी म्हटलं, "चला, माहेरी सुखरूप आहे."

त्यांचे हात थांबले. "आणि लेकरू?"

"आजीपाशी. बाटलीनं पितंय छान."

"दोन महिन्याचं लेकरू हितं ठिवून माहेरी?" त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. मग पुन्हा गवार मोडायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुटली बिचारी."

मला त्यांचा राग आला. असं अभद्र बोलतं का कुणी? मी ताट उचलून आत गेले. आत उभी राहिले आणि गणपती न बसवलेलं घर, काटे टाकलेली विहीर आणि मलप्पांची निसटलेली बादली एकामागून एक समोर आली.

१६ सप्टेंबर, सोमवार

डॉ. निजामोद्दीनना सांगितलं. त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर त्या बाजूच्या सरकारी दवाखान्यात आहेत. त्यांना फोन लावला. उर्दूत बोलत होते, बोलता बोलता आवाज खाली गेला. फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

ती आमच्याकडे आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी. पाणी भरायला गेली, पाय घसरला असं लिहिलंय. म्हणजे मी गुरुवारी वहीत 'शनिवारी येईल' लिहिलं तेव्हा ती नव्हतीच.

"आणखी काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही."

"डॉक्टरसाहेब."

"हाताला हिरवी पट्टी होती, म्हणाले. कुठल्या दवाखान्याची, विचारत होते."

मी ड्यूटी पूर्ण केली. उद्यापासून नियम: चौथ्या प्रश्नाला नातेवाईक बाहेर. नवरा असो, बाप असो, आमदार असो. पडदा कुणालाही, कशालाही द्यायचा नाही. अर्शीकडून ते तोंडपाठ म्हणून घेतलं. पोरगी घाबरली, मी ओरडले असणार.

मलप्पांवर चिडावं म्हणते, पण जमत नाही. त्यांनी तिला दोन बस बदलून माझ्यापर्यंत आणली होती.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन. आमच्या खालच्या रस्त्यावरून मिरवणुका गेल्या, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. आत्याबाई दोन्ही तळवे फरशीवर टेकून बसलेल्या.

"हालून राहिलंय का गं?"

"ढोल आहेत, आत्याबाई."

"त्या वर्षीबी ढोलच होते," त्या म्हणाल्या. "गणपती बुडवून दमून झोपली समदी. लेक म्हणत हुती, आई, अंगणात झोपू. मीच म्हणलं, गार लागंल, आत चल."

हे मला कधीच माहीत नव्हतं. बारा वर्षांत एकदाही बोलल्या नव्हत्या. मी चहा करून दिला. बोटाला धरल्यासारखं आता रोज होतं. बाकड्याचं एक टोक मी पुसायला सांगते आणि तिथे कुणाला बसू देत नाही, हे अर्शीच्या लक्षात आलंय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पितरं घातली. आत्याबाईंनी यंदा सगळं मला करायला लावलं. खीर, वडे, कढी, किती भिजवायचं, किती वेळ ठेवायचं, स्वतः पाटावर बसून सांगत होत्या. मी म्हटलं, "तुमच्या हातची चव नाही येणार." तर म्हणाल्या, "फुडच्या साली तुलाच करायचंय. ध्यानात ठिव." लेकीचं पान पहिल्यांदाच वेगळं मांडलं. कावळा लवकर शिवला, त्या हसल्या. किती दिवसांनी हसताना पाहिलं त्यांना.

मी मनातल्या मनात एक घास दीपालीच्या नावाने ठेवला. आम्ही तिचे कोण? पण ठेवला.

पानसुपारीची त्यांची चंची मळकी झालीय, धुते म्हटलं तर एकदम खेकसल्या, "हात लावू नको तिला!" म्हातारपणी माणूस चिडचिडं होतं. झोपेच्या गोळ्यांचं नवं पाकीटही आणून दिलं, जुनं संपलं म्हणाल्या.

२८ सप्टेंबर, शनिवार

अमरनाथ आला. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाला, "तू रजा घे." मी म्हटलं होतं ना, लगेच उपाय. जेवताना आईला मोठ्या आवाजात विचारलं, "आई, बरी हाईस ना? करमतंय ना?"

"हाव. मला काय धाड भरलीय?"

"बघ," तो मला म्हणाला, "तुझ्यापेक्षा आईच ठणठणीत हाय." तिघंही हसलो.

१ ऑक्टोबर, मंगळवार

काल तीस तारीख होती. भूकंपाची. काल लिहिता आलं नाही.

दुपारी ड्यूटी करून घरी आले. आत्याबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून बाल्कनीच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. मला जवळ बसवलं. गळ्यातली बोरमाळ काढून माझ्या ओंजळीत ठेवली. "ही तुझी," म्हणाल्या. "लेकीला घालणार हुते."

मी म्हटलं, "असू द्या ना तुमच्याच गळ्यात, कशाला आत्ता?" आणि हात मागे घ्यायला गेले, तर हात येईना. त्यांनी माझं बोट धरलं होतं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं.

मला ती पकड ठाऊक होती. महिनाभर मी ती बोटात घेऊन फिरत होते. इरकली लुगडी, गोळ्यांचं पाकीट, पितरांचा स्वयंपाक, 'सुटली बिचारी', सगळं माझ्यासमोर घडलं आणि मी ते इथे माझ्या अक्षरात लिहून ठेवलं. रुळायला लागल्या, असं लिहिलंय. मला माणसं कळतात, असंही लिहिलंय.

सुनेने सासूला असलं काही विचारायची आमच्याकडे रीत नाही. कॅज्युअल्टीत दिवसातून चारदा विचारते, तेच शब्द तोंडातून निघेनात. बोट मात्र मी सोडवून घेतलं नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?"

त्या रागावतील असं वाटलं. त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. खाली भाजीवाला ओरडत गेला.

"इचारायला लई उशीर केलास गं," त्या म्हणाल्या. "त्या पोरीचं सांगितलंस तवाच इचारशील वाटलं मला."

मग बोलत राहिल्या. इथे आल्यापासून डोळा मिटला की वरचा स्लॅब खाली येतो. फरशीला कान लावला की लेक खालून हाका मारते, आई, गार नाही लागत, ये. सासरे होते तोवर ते म्हणायचे, कुणी नाही गं, झोप. आता तसं म्हणणारं कुणी नाही. "तुमी दोघं गुणाची हाव," म्हणाल्या. "तुमास्नी कशाला त्रास. आज तिच्याच दिवशी जावं म्हणलं."

त्यांनी चंची सोडली. सुपारीच्या खांडांमध्ये पांढऱ्या गोळ्या होत्या. मी दिलेल्या सगळ्या. माझ्या ओंजळीत बोरमाळ होती, तिच्यावरच त्यांनी चंची उलटी केली. मी रडले. त्यांच्यासमोर कधी रडले नव्हते, काल मोठ्याने रडले. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं.

"तुला न्हाई बोल लावत," म्हणाल्या. "तू इचारलंस तरी."

तशीच त्यांना घेऊन निघाले. अमरनाथला रिक्षातून फोन केला. तो म्हणत होता, आई तर परवा हसत होती. मी म्हटलं, "हो. तुम्ही आधी निघा." आत्याबाईंनी वाटभर बोट सोडलं नाही. दवाखाना दिसला तशा कुजबुजल्या, "तुझ्या लोकांफुडं? काय म्हणतील?" मी म्हटलं, म्हणू द्या.

दारात अर्शी होती. मला, मग त्यांना बघून ती उभी राहिली. सवयीने माझ्याकडे वळून म्हणाली, "काय होतंय आजींना?"

"मला नको विचारू," मी म्हटलं. "त्यांना विचार."

तिने पडदा सरकवला आणि आत्याबाईंना खुर्चीवर बसवलं. मीही आत शिरले, इथे मी कोण म्हणून आले आहे ते विसरूनच. एरवी मी पडद्याच्या त्याच बाजूला असते. अर्शी खाली बघत, घाबरत, पण स्पष्ट म्हणाली, "सिस्टर, नातेवाईक बाहेर."

बरोबर होतं तिचं. पण माझं बोट आत्याबाईंच्या मुठीत होतं आणि ते सोडवून घ्यायची माझी हिंमत होईना. एकदा सोडवलं होतं, हसत हसत. मी तशीच उभी राहिले. मग त्यांनीच मूठ सैल केली.

"जा गं," म्हणाल्या. "मी सांगते तिला."

मी बाहेर आले. बाकड्याच्या त्या टोकावर बसले, जिथे कुणाला बसू देत नाही. पडद्याआडून आत्याबाईंचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, आणि मी कान दिला नाही. बराच वेळ बोलत होत्या. मग अर्शी बाहेर आली, माझ्याकडे न बघता टेबलाचा खण उघडला आणि लाल पट्टी घेऊन आत गेली.